पेटीवरचा चढा गंधार

रविवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळी शिकवणी संपली तरी तंबोरा लागलेलाच होता. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार इतका स्वच्छ येत होता की राहवलं नाही, पेटीवरचा गंधार त्याला लावून पाहिला. दोघं एकमेकांना टोचायला लागले. पेटीचा चढा. हे रोजचंच, पण आज त्यावरून जॉन फोल्ड्स आठवला.

हे नाव मी लहानपणी रागावलेल्या आवाजातच ऐकलं. पेटीचे सूर आपल्या सुरांशी जुळत नाहीत म्हणून १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओच्या नियतकालिकात तिच्यावर तुटून पडलेला इंग्रज संगीतकार. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत राहिली. माझे आजोबा वाढले ते पेटीवादक गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकत. त्यांच्या लेखी फोल्ड्स गुन्हेगारच. बंदीला कारण एकटा त्याचा लेख नव्हता, आणि बंदी आली तेव्हा तो हयातही नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

टेंब्यांचा जन्म १८८१ चा, फोल्ड्सचा १८८० चा, मँचेस्टरमधला. तिथल्या हॅले ऑर्केस्ट्रात तो चेलो वाजवायचा. दोन स्वरांच्या मधल्या पाव स्वराचा शोध त्याने विशीच्या आतच सुरू केला होता. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्याने रचलेलं ‘अ वर्ल्ड रेक्विएम’ १९२३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सुमारे बाराशे गायक-वादकांनी सादर केलं. १९२६ नंतर ते बंद पडलं.

पत्नी मॉड मॅकार्थी व्हायोलिनवादक. तिने आधीच भारतात येऊन आपलं संगीत अभ्यासलं होतं. १९३५ मध्ये दोघं इथे आले. पुढे दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताची जबाबदारी सांभाळताना फोल्ड्सने भारतीय वाद्यांचा वृंद बांधला आणि वादकांना लिहिलेलं संगीत वाचून एकत्र वाजवायला शिकवलं. माझ्या मते हे त्याचं सर्वांत कठीण काम. गुरूकडून कानाने उचललेला हात कागदावर नजर ठेवून चालवायचा, शेजाऱ्याच्या आधी नाही की नंतर नाही! मी चार मुलांना एक साधी गत एकत्र वाजवायला शिकवताना थकते.

एप्रिल १९३९ मध्ये, कलकत्त्याला बदलून गेल्यावर काही दिवसांतच, कॉलऱ्याने तो गेला. अठ्ठावन्नाव्या वर्षी. भारतात लिहिलेलं त्याचं बरंचसं संगीत हरवलं. ते ऐकायला मिळणार नाही याची मला खरीच हळहळ वाटते.

पेटी मी सोडणार नाही. पण गंधाराबद्दल त्याचा कान खरा होता, हे आजोबा असते तर त्यांनाही तंबोऱ्यापाशी बसवून ऐकवलं असतं. उद्या मुलांच्या पेट्या पंधरा मिनिटं बंद ठेवायच्या आणि नुसत्या तंबोऱ्यावर गंधार लावून घ्यायचा.