मेरोपेनेमची चकती

चवथ तोंडावर आली की म्हापशातल्या आमच्या लॅबमधली गर्दी ओसरते. लोक दुखणी सणापलीकडे ढकलतात. म्हणूनच पेडण्याकडच्या त्या आजींचं युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची चाचणी, मला सावकाश बघता आलं.

सत्तरी ओलांडलेली बाई, साखर जुनी, लघवीला जळजळ, ताप नाही. नातू फाइल घेऊन आला होता. काही गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, काही फार्मसीत नुसतं नाव सांगून आणलेल्या. "दोन दिवसांत बरं वाटतं मॅडम, मग उरलेल्या डब्यात ठेवून देते. आता तिच्या अंगाला सवयच झालीय औषधांची," तो म्हणाला.

मॅककॉन्की अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या थरावर, गुलाबी वसाहती उगवल्या. इ. कोलाय, आतड्यातला जंतू, म्हणजे रोजचाच पाहुणा. त्याचं पातळ द्रावण म्युलर-हिंटन प्लेटवर सारवलं, वर औषधांच्या सहा मिलिमीटरच्या चकत्या ठेवल्या आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये टाकली. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो.

सकाळी प्लेट उजेडात धरली. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कडेपर्यंत जंतूंची साय. सेफ्ट्रायॅक्झोनचं तेच. यात नवल काही नाही, असल्या प्लेटा आम्ही नेहमी बघतो. पण मेरोपेनेमच्या चकतीलाही साय चिकटलेली! हे औषध शिरेतून देतात, तेही बाकीची थकल्यावर. आजी कधी इस्पितळात राहिल्याच नव्हत्या, मेरोपेनेमचा थेंब त्यांच्या अंगात गेला नव्हता. डॉक्टरांना फोन केला तर पहिला प्रश्न, "नमुन्यांची अदलाबदल तर नाही ना?" नव्हती. प्लेट पुन्हा लावली, तेच आलं.

मग एक चाचणी केली, मला ती फार आवडते. मेरोपेनेमची नवी चकती या जंतूंच्या द्रावणात चार तास बुडवून ठेवायची. नंतर ती काढून दुसऱ्या प्लेटवर ठेवायची, पण तिथे सारवलेला असतो साधा, मेरोपेनेमला हमखास मरणारा इ. कोलाय. दुसऱ्या दिवशी तो साधा जंतूही चकतीला खेटून वाढला होता. म्हणजे चार तासांत आजींच्या जंतूंनी औषधच फोडून टाकलं होतं. ते फोडणारं एन्झाइम नेमकं कुठलं, हे या चाचणीत कळत नाही. आपल्याकडे बऱ्याचदा एनडीएम, म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, निघतं. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका रुग्णात ते प्रथम सापडलं, म्हणून नावात दिल्ली.

नातवाला बंद प्लेट दाखवली. म्हटलं, सवय आजींच्या अंगाला नाही लागलेली, बदललेत ते जंतू. असलं एन्झाइम बनवण्याचा जीन बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर असतो. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं छोटं वेटोळं. एक जंतू दुसऱ्याला चिकटून त्याची प्रत देतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. आतड्यात हे व्यवहार चालूच असतात. आणि त्या एकाच वेटोळ्यावर तीन-चार औषधांविरुद्धचे जीन शेजारीशेजारी बसलेले असू शकतात. साध्या गोळीने बाकीचे जंतू मेले, हे वेटोळेवाले जगले आणि मोकळ्या जागेत पसरले. मेरोपेनेम न घेताच मेरोपेनेमला न जुमानणारे जंतू वाढले ते असे.

"म्हणजे डब्यातल्या गोळ्यांनी?" त्याने विचारलं. त्यांनीच, असं छातीठोक सांगता येत नाही. जंतू पाण्यातून किंवा कुणाच्या हातूनही आलेला असू शकतो. पण गोळ्यांनी त्याला रान मोकळं करून दिलं, हे नक्की.

एका चकतीभोवती मात्र चांगला रुंद गोल होता. फॉस्फोमायसिन. १९६९ साली स्पेनमधल्या मातीतल्या जंतूंपासून मिळालेलं हे जुनं औषध. आजींचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली, असल्यामुळे नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या जळजळीवरचं नेहमीचं औषध द्यायला डॉक्टर तयार नव्हते, त्यांनी फॉस्फोमायसिनची पुडी पाण्यात ढवळून घ्यायला सांगितली.

चवथीनंतरच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही. रिपोर्ट न्यायला आजींची सून आली होती. तिला भांडी वेगळी ठेवायची का ते हवं होतं. भांड्यांची गरज नाही म्हटलं, पण संडासातून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा, सगळ्यांनी. लघवी स्वच्छ झाली तरी हे जंतू आतड्यात कित्येक महिने टिकू शकतात. आणि पुढे कधी आजींना दाखल करावं लागलंच, तर हा रिपोर्ट आधी दाखवा.