प्रदर्शनात कुर्ते विकताना: मुंढा, माया आणि २६२५ रुपये

दिवाळीआधी पुण्या-मुंबईच्या हॉलमधून प्रदर्शन-विक्रीचे स्टॉल लागतात. मध्ये दुकानदार नाही, डिझायनर आणि गिऱ्हाईक समोरासमोर. तिथे सगळ्यात आधी कस लागतो तो मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या भागाचा.

कुर्ता छातीत बसतो, पण हात वर केला की मुंढ्यात काचतो, नाहीतर बाही दंडात अडकते. बाई तो हँगरला लावते, ‘येते हं फिरून’ म्हणते आणि परत येत नाही. म्हणून बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे एकेक इंच माया, म्हणजे उसवून सैल करता येईल असं जादा कापड, ठेवा, बाहीच्या शिवणीतही थोडी. ओव्हरलॉक करताना, म्हणजे कापडाच्या कडा मशीनवर बांधताना, कारागीर हीच माया उडवून टाकतात. काम देतानाच बजावून ठेवा. बिनबाह्यांच्या कुर्त्याबरोबर बाह्या सुट्या द्या.

एका डिझाइनचे बारा नग असतील तर एस १, एम ३, एल ३, एक्सएल ३, डबल एक्सएल २. एस जास्त काढले की शेवटच्या दिवशी रॅकवर तेच लोंबकळत असतात.

खणाच्या कुर्त्याचं दुखणं वेगळं. सध्या बराचसा खण कृत्रिम धाग्याचा असतो, तो आटत नाही. आतलं सुती अस्तर मात्र आटतं. पहिल्या धुण्यात अस्तर वर खेचलं जातं आणि खालचा घेर चुरमडतो. अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. शिवाय ते घेराला जोडू नका, अर्धा इंच आखूड आणि सुटं सोडा.

किमतीचं गणित स्टॉलवर करत बसू नका. जीएसटी नोंदणी असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यापुढे १८. म्हणजे २५०० च्या कुर्त्याचं बिल २६२५, आणि २६०० च्या कुर्त्याचं थेट ३०६८. तुम्हाला शंभर जास्त मिळणार, गिऱ्हाइकाला ४४३ जास्त मोजावे लागणार! एकतर २५०० ला थांबा, नाहीतर तीन हजारांच्या वर शोभेल इतकं हातकाम त्यावर घ्या. किंमत टॅगवर करासकट लिहा. टॅग नसला की बऱ्याच जणी विचारतही नाहीत.

हॉलच्या पिवळ्या दिव्यात नीळ काळी दिसते, तेव्हा पांढऱ्या उजेडाचे दोन दिवे आपले न्या. चार फुटी रॅकवर पंचविसाच्या वर नग नकोत, हँगर सरकले पाहिजेत.

ट्रायल रूमला पडदा आणि आरसा सगळेच लावतात. हुक मात्र एकच असतो. मग पर्स जमिनीवर, ओढणी पर्सवर, आणि बाईचं अर्धं लक्ष तिकडे. तीन हुक लावा.