चौकोनी फळ, चौकोनी जेलीफिश

ऑस्ट्रेलियातील उत्तर क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर वाढणारा बॅरिंग्टोनिया एशियाटिका हा वृक्ष, म्हणजे आपल्या समुद्रफळाचा जातभाई, रात्री फुलतो आणि सकाळी गुलाबी टोकांच्या पांढऱ्या केसरांचे झुबके वाळूत टाकून मोकळा होतो. त्याच समुद्रात कायरोनेक्स फ्लेकेरी ही पेटीसारखी जेलीफिश आढळते. तिच्या चारही कोपऱ्यांतून प्रत्येकी सुमारे पंधरा शुंडके लोंबतात, त्यामुळे तिची तुलना या फुलाच्या केसरांच्या झुबक्याशी करावीशी वाटेल. मला मात्र फुलापेक्षा फळाची तुलना अधिक पटते. तेही चौकोनी असते, स्पंजासारख्या आवरणामुळे दूरवर तरंगते आणि त्याच्या बियांतील सॅपोनिन या विषारी द्रव्यामुळे मासे गुंगतात. फरक असा, की फळ प्रवाहाबरोबर वाहते, तर चोवीस डोळ्यांची ही जेलीफिश स्वतः पोहते आणि तिचा डंख माणसालाही मारू शकतो.