वळताना वाजणारा हॉर्न

"हॉर्न चांगलाय. बटणही चांगलंय. उगाच पैसे कशाला घालवताय?" कुर्ल्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी आज मला सरळच विचारलं.

आमची जुनी विलीस जीप उजवीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा. पुढचा रिक्षावाला वळून काय बोलायचा ते इथे लिहीत नाही.

स्टिअरिंगचं चाक तसंही बदलायचंच होतं, तडे गेले होते. मिस्त्रींनी मधला नट सैल केला, दांड्यावर आणि चाकावर खडूने खूण केली आणि पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, लावलं. हातोडीला हातही नाही! वर्षानुवर्षं जाम बसलेलं चाक कटकन सुटलं.

मग पोकळ दांड्यातली वायर ओढली. या जीपमध्ये हॉर्नला करंट आधीच पोचलेला असतो, बटण फक्त अर्थिंग देतं, म्हणजे वायर गाडीच्या लोखंडाला जोडून सर्किट पूर्ण करतं. वायरचं आवरण एका जागी घासून गेलेलं, आत तांबं चमकत होतं. वळताना ते लोखंडाला टेकलं की झालं अर्थिंग, आणि भोंगा सुरू.

"सगळे आधी बटण बदलतात," मिस्त्री म्हणाले, "कारण हात तिथंच पोचतो."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. तक्रारी वाढल्या की पहिली बदली खिडकीवरच्या क्लार्कची का होते, ते आज कळलं.

बाकी, महिंद्राने १९४०च्या दशकात विलीसची जुळणी याच मुंबईत सुरू केली, तरी नवं चाक मिळवताना घाम फुटला.

जुनं चाक हवंय का कुणाला? भिंतीवर लावायला बायकोने साफ नकार दिलाय.