तुमच्याच कंपनीचा ना?

मी एका फायनान्स कंपनीत वसुलीचं काम बघतो. औसा तालुक्यातल्या एका गावात म्हशीच्या कर्जाचे हप्ते थकले होते. थकबाकीला 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे हिशेबात अनुत्पादक कर्ज, होतं, म्हणून शाखेने मला तातडीने पाठवलं.

दारातल्या काकूंनी ओळखपत्राकडे बघितलंही नाही. "परवा रात्री नऊला येऊन सगळ्या गल्लीदेखत शिव्या देऊन गेला, तो तुमच्याच कंपनीचा ना?"

तो आम्ही वसुलीला नेमलेल्या बाहेरच्या एजन्सीचा पोरगा. तसं सांगून मोकळं होता आलं असतं, आमच्याकडे बरेच जण होतातही. मला ते पटत नाही. हप्ता मागायला तो आमचंच नाव घेऊन आला होता. रिझर्व्ह बँकेनेही 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय, की सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोनसुद्धा करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, आणि एजंट कसा वागतो याची जबाबदारी कर्ज देणाऱ्याचीच.

"हो काकू, आमचाच," मी म्हणालो.

त्या गप्प झाल्या. मग आत बोलावून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रोजच्या चौकटीत डेअरीला घातलेल्या दुधाचे लिटर लिहिलेले, आणि एका तारखेखाली पेन्सिलीने 'फायनान्स 2000'. "पैसे घेतले त्यानं. पावती मोबाइलवर येईल म्हणला."

मी खातं उघडून पाहिलं. रक्कम जमाच नव्हती.

त्या दिवशी हप्ता मागितलाच नाही. हिशेब आमचा चुकलेला असताना कुठल्या तोंडाने मागणार? तिथेच बसून तक्रार अर्ज लिहिला, कॅलेंडरच्या पानाचा फोटो जोडला आणि स्पीकरवर शाखा व्यवस्थापकांशी त्यांचं बोलणं करून दिलं. साहेबांनी माफी मागितली आणि रकमेचा शोध लागेपर्यंत घरी कुणी येणार नाही असा शब्द दिला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून ती मी काकूंच्या हातात दिली.

निघताना त्या म्हणाल्या, "सोयाबीनचे पैसे आले की मी स्वतः शाखेत येऊन भरते. पण तो माणूस पुन्हा दारात नको."

भेटीच्या अहवालात 'ग्राहकाचे म्हणणे' या रकान्यात हीच दोन वाक्यं मी जशीच्या तशी लिहिली, आणि एजन्सीचं काम थांबवावं अशी शिफारस खाली जोडली.