अण्णांसमोर लेकरू उचलायचं?

"घे की रे तिला, पाय दुखायलेत लेकराचे!"

वेरूळला कैलास लेण्याच्या आवारात आत्या माझ्या भावाला म्हणाली. आठव्या शतकात एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं हे १६ नंबरचं लेणं. पण मी बघत होते भावाकडे. त्यानं आधी अण्णांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे पाहिलं. ते दगडी हत्ती न्याहाळत होते. मगच पोरीला खांद्यावर घेतलं.

पुण्यात हाच तिला दिवसभर कडेवर घेऊन फिरतो. इथं मात्र ही चोरटी नजर!

आत्याला हसू आवरेना. "तुझ्या बापानं तरी आमच्या दादांसमोर तुम्हाला कुठं हात लावला? रात्री सगळे झोपले की गुपचूप पाळण्यापाशी जाऊन बसायचा."

आपल्याकडे तशी रीतच होती. वडीलधाऱ्यांपुढं स्वतःचं लेकरू घेणं म्हणजे आगाऊपणा. भावाचं मात्र खुशाल घ्या. म्हणून आम्हाला जत्रेतला काकाचा खांदा आठवतो, अण्णांचा नाही. एकत्र घरात आपलं-परकं होऊ नये म्हणून असेल कदाचित. पण त्या पाळण्यापाशी बसणाऱ्या माणसाचं काय?

परतताना गाडीत नात अण्णांच्याच मांडीवर. सगळ्यांदेखत पापे काय, घोडा घोडा काय! आजोबा झालं की सगळं माफ, बापानं मात्र परवानगी काढायची.

तुमच्या घरी ही रीत मोडली का? पहिल्यांदा कुणी मोडली?