सड्यावरचा मासा आणि सव्वासात हजारांचा ट्रायपॉड

आमच्या गावामागची घाटी चढून गेलं की सडा लागतो. रत्नागिरीकडचा सडा म्हणजे नजर पोचेल तिथवर उघडा जांभा कातळ, ना झाड ना आडोसा. त्या कातळात एका जागी मासा कोरलेला आहे, दीड हात लांबीचा, कल्ल्याच्या दोन वाकड्या रेघांसकट. रेघा जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या खोल. दुपारी बाराला तुम्ही त्याच्यावरून चालत गेलात तरी तुम्हाला तो दिसणार नाही.

कशेळी, उक्षी, बारसू या गावांची नावं आता सगळ्यांना ठाऊक झाली आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. आमचा मासा कुठल्याच यादीत नाही, आणि गेल्या काही वर्षांत चिरेखाणी सड्याच्या कडेपर्यंत आल्या आहेत. म्हणून त्याचे नीट, रेघ न् रेघ दिसेल असे फोटो आपल्याकडे असावेत असं मनानं घेतलं. ट्रायपॉडचा शोध तिथून सुरू झाला.

अशा खोदचित्राला प्रकाश आडवा लागतो. सूर्य टेकला की रेघांच्या एका काठाची सावली आत पडते आणि चित्र कातळातून वर येतं. पण ती वेळ पाच-दहा मिनिटांची असते. त्यापेक्षा तिन्हीसांज झाल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर पंधरा सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात टॉर्च जमिनीलगत धरून बाजूने प्रकाश सोडायचा. मग मनाजोगत्या दिशेने सावली पाडता येते. या पंधरा सेकंदांत कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

माझा कॅमेरा साधा, कॅननचा २००डी. त्यावर ५५-२५० मिलिमीटरची झूम लेन्स लावली तरी सगळं मिळून किलोच्या आत. एवढ्या हलक्या कॅमेऱ्याला कुठलाही ट्रायपॉड चालेल असं समजून मी आधी तेराशे रुपयांचा एक ऑनलाइन मागवला. पहिल्या संध्याकाळचे फोटो घरी मोठे करून पाहिले तर माशाच्या पाठीची रेघ दुहेरी. मला वाटलं फोकस चुकला. दुसऱ्या दिवशी लागोपाठ दोन फोटो काढून ते एकावर एक ठेवले, तर दुसऱ्यात मासा चौकटीत वर सरकलेला. म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड हळूहळू खाली झुकत होतं. हेडचा, म्हणजे कॅमेरा बसवायच्या वरच्या भागाचा, प्लास्टिकचा सांधा पिळून पिळून घट्ट केला तरी लेन्सचं वजन त्याला पेलत नव्हतं. शिवाय सड्यावरचा वारा. पाय काठीसारखे थरथरत होते.

मग आठ हजारांची मर्यादा ठरवली आणि महिनाभर वाचत, पाहत, विचारत राहिलो. त्यात पहिली गोष्ट ही कळली की खोक्यावर छापलेल्या 'आठ किलो', 'दहा किलो' या आकड्यांवर निवड करता येत नाही. हे वजन कसं मोजायचं याचा सगळ्या कंपन्यांनी मिळून मानलेला एक नियमच नाही. ट्रायपॉड आठ किलोखाली मोडणार नाही हे वेगळं आणि एका किलोखाली थरथरणार नाही हे वेगळं. मला दुसरं हवं होतं, आणि ते खोक्यावर लिहिलेलं नसतं.

थरथर ठरते मुख्यतः नळीच्या जाडीवर. पत्र्याची जाडी तेवढीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर ताठरपणा सुमारे आठपट होतो. म्हणून पायाचा सगळ्यात खालचा, सगळ्यात बारीक तुकडा बघायचा. चार तुकड्यांचा पाय मिटल्यावर आखूड होतो, पिशवीत मावतो, पण त्याचा शेवटचा तुकडा करंगळीएवढा उरतो. तीन तुकड्यांचा पाय मिटून लांब राहतो, मात्र शेवटचा तुकडा अंगठ्याहून जाड मिळतो. मला बसने फिरायचं नव्हतं, घाटी चढायची होती. लांबी चालणार होती. कार्बन फायबर हलकं असतं, हादराही लवकर जिरवतं, पण चांगलं कार्बन माझ्या बजेटच्या फार पुढे होतं. स्वस्तातल्या कार्बनपेक्षा जाड अॅल्युमिनियम बरं, असं माझं ठाम मत झालं, आणि ते आजही तसंच आहे.

हात लावून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही हे नक्की होतं. कोकणकन्येने रात्री निघालो, सकाळी सीएसएमटीला उतरलो, चहा घेतला आणि दुकानं उघडायच्या वेळेला फोर्टातल्या बोरा बाजारात हजर झालो. कॅमेरा आणि लेन्स सोबत होतीच.

तिसऱ्या दुकानात एक वयस्कर काका भेटले. त्यांनी आधी चार तुकड्यांचा, पाय उलटे दुमडणारा छोटा ट्रायपॉड पुढे केला. दिसायला देखणा, वजन सव्वा किलो.

"साहेब, आठ किलो घेतो हा. लिहिलंय बघा."

"काका, कॅमेरा लावून बघू का? पाच मिनिटं लागतील."

त्यांनी मान हलवली. मी पाय पूर्ण उघडले, लेन्स २५० वर, म्हणजे पूर्ण झूमवर नेली, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर धरली आणि लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं चालू चित्र, दहापट मोठा केला. स्क्रीनवर पाटीतलं एकच अक्षर मावत होतं. मग एका पायावर बोटाने टिचकी मारली आणि मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. अक्षर नाचतच होतं. मधला दांडा वर काढला तेव्हा तर ते चौकटीच्या बाहेर जाऊन परत येत होतं.

काका काउंटरमागून बाहेर आले आणि स्क्रीनमध्ये वाकून बघायला लागले. "थांबा," म्हणाले, आणि माळ्यावरून तीन तुकड्यांचा एक काढून आणला. वरची नळी २८ मिलिमीटर, खालची २२, वजन एक किलो नऊशे. तीच पाटी, तेच अक्षर, तीच टिचकी. एक, दीड, आणि अक्षर थांबलं. काकांनी स्वतः आणखी एक टिचकी मारून पाहिली.

तो बॉल हेडसकट साडेपाच हजारांना मिळाला. घेण्याआधी मी हेड फिरवून काढता येतं का ते बघितलं. खालच्या तबकडीच्या पोटात तीन बारीक स्क्रू असतात, ते ढिले केले की हेड सुटतं आणि आत ३/८ इंचाचा आटा दिसतो. ही खात्री करणं फार महत्त्वाचं, कारण कमी बजेटमध्ये पाय आणि हेड दोन्ही एकदम चांगले मिळत नाहीत. पैसे आधी पायांत घालावेत. पाय वर्षानुवर्षं टिकतात, हेड नंतर बदलता येतं.

मला ते लगेच बदलावं लागलं. बॉल हेडला एकच खटका असतो. तो सोडला की कॅमेरा सगळ्या दिशांना मोकळा, आवळला की सगळीकडून पक्का. पावसाळ्यात सड्यावर सीतेची आसवे फुलतात, तिथे वितीएवढ्या उंचीवर भराभर कोन बदलायला ते छान आहे. खोदचित्राला मात्र कॅमेरा कातळाशी समांतर आणावा लागतो. एक बाजू जुळवली की दुसरी बिघडायची, आणि खाली झुकवलेला कॅमेरा खटका आवळताना किंचित घसरायचा. म्हणून थ्री-वे हेड शोधलं. त्यात तीन दिशांना तीन वेगळ्या मुठी असतात, एक हलवताना बाकीच्या दोन जागच्या जागी राहतात. ओळखीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने त्याचं जुनं हेड साडेसतराशेला दिलं. त्याची प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी, आर्का-स्विस नावाच्या पद्धतीची, ३८ मिलिमीटर रुंद निघाली. बॉल हेडचीही तीच, त्यामुळे एकच प्लेट दोन्हीकडे बसते. जुनं हेड घेताना ही पद्धत विचारून घ्या. मॅनफ्रोटो कंपनीच्या बऱ्याच हेडवर त्यांची स्वतःची वेगळी प्लेट असते, तीही चांगली, पण मग प्लेटचं माप सांभाळावं लागतं.

वापरता वापरता काही गोष्टी अंगवळणी पडल्या. मधला दांडा मी वर काढतच नाही. कॅमेरा खाली झुकवताना एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवतो, नाहीतर सगळं तोंडावर येतं. ट्रायपॉडच्या हुकाला पिशवी अडकवतो, पण ती जमिनीला टेकेल अशी. अधांतरी पिशवी वाऱ्यात झोके घेते आणि उलट कॅमेराच हलवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. पायाला टोकदार खिळे लावायचे नाहीत, रबरच ठेवायचं, आणि एकही पाय कोरलेल्या रेघेवर येऊ द्यायचा नाही. जांभा ठिसूळ असतो, पडलेला ओरखडा कायमचा राहतो. घरी आल्यावर ओल्या फडक्याने पाय पुसतो, कारण खारी हवा लॉकच्या धातूत शिरते.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी परत गेलो. वारा होताच. पंधरा-पंधरा सेकंदांचे दोन फोटो काढले, घरी येऊन एकावर एक ठेवले. कल्ल्याच्या दोन्ही रेघा तंतोतंत जुळल्या, आणि शेपटीजवळ आजवर कधी न दिसलेली आणखी एक बारीक रेघ दिसली. आता दर अमावस्येच्या आसपास वर जातो. तेराशेवाला जुना ट्रायपॉडही नेतो. त्याचे पाय पूर्ण मिटवून त्यावर टॉर्च बांधली की प्रकाश जमिनीपासून बरोबर हातभर उंचीवर येतो, आणि दर फोटोला त्याच कोनातून पडतो.